ओल्या बर्फावरचा टपालवाला

वसंतात व्याख्यान द्यायचे आणि विषय निवडायचा बर्फाचा, हे कळल्यावर आमच्या युनियनमधील मंडळींनी आमची यथेच्छ थट्टा केली. त्यांचेही खरेच आहे. आम्ही बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. पण कामगारांचा इतिहास शोधता शोधता एका माणसाची गाठ पडली, आणि त्याची हकीकत समजून घ्यायची तर आधी बर्फ समजून घेणे आम्हांला भाग पडले.

बर्फावरून चालण्यासाठी नॉर्वेतील शेतकरी पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधीत. त्यांना स्की म्हणतात. कडाक्याच्या थंडीत बर्फ कोरडा, पिठासारखा असतो; त्यावरून पट्टी सुरळीत घसरते. खरी परीक्षा वसंतात. हवा उबदार झाली की बर्फ पाणी धरू लागतो. पाण्याचा अगदी पातळ थर पट्टीखाली असला तर तो घसरायला मदतच करतो. पण पाणी वाढले की तोच पट्टीला खाली ओढून धरतो. शिवाय लाकूड पाणी पिते, आणि गार जागी गेले की त्यावर बर्फाची ढेकळे चढतात. आपल्याकडे पावसाळ्यात काळ्या रानातून वहाणा घालून जाणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. वरून धुके उतरले की जमीन आणि आकाश एकाच रंगाचे होते आणि पुढे चढ आहे की दरी हे कळत नाही. म्हणून जाणता माणूस रात्रीच्या गारठ्याने बर्फावर धरलेली खपली पहाटेच गाठतो आणि ऊन तापण्यापूर्वी मजल मारून घेतो.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील सिएरा नेवाडा पर्वतावरचा बर्फ तर या बाबतीत बदनामच आहे. पॅसिफिक महासागर जवळ असल्यामुळे तेथे ओला, जड बर्फ पडतो. तिकडचे लोक त्याला ‘सिएरा सिमेंट’ म्हणतात. त्या सिमेंटातून वीस हिवाळे टपालाची थैली वाहून नेणारा माणूस म्हणजे जॉन थॉमसन. लोक त्याला ‘स्नोशू’ थॉमसन म्हणत, कारण तेथे तेव्हा स्कीलाही स्नोशूच म्हणत.

हा नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातील टिन गावचा. जन्म १८२७ चा. दहाव्या वर्षी घरच्यांबरोबर अमेरिकेत आला. १८५१ साली गाईंचा कळप हाकीत कॅलिफोर्नियात पोचला, खाणीत नशीब काढून पाहिले, मग शेती धरली. हिवाळ्यात पर्वतापलीकडील वस्त्यांचे टपाल बंद पडते आणि ते नेणारा माणूस हवा आहे, असे त्याने वर्तमानपत्रात वाचले. लहानपणीची आठवण जागवून त्याने ओक लाकडाच्या पट्ट्या तासल्या. दहा फूट लांब, वजन पंचवीस पौंड! जानेवारी १८५६ मध्ये तो पाठीवर थैली घेऊन निघाला.

प्लेसरव्हिल ते जेनोआ हा रस्ता सुमारे नव्वद मैलांचा. जायला तीन दिवस, परतायला दोन. पाठीवर साठ-ऐंशी पौंडांचे ओझे, कधी त्याहून जास्त. प्लेसरव्हिल समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्याही आत, आणि वरची खिंड सात हजारांच्या पुढे. म्हणजे खाली पाऊस-चिखल, मध्ये ओला लगदा, वर घट्ट गोठलेला बर्फ, आणि पलीकडे उतरताना पुन्हा हेच सारे उलट क्रमाने! अंगात जाड कोट. पण पांघरूण नाही, बंदूक नाही. वाळलेले मांस आणि बिस्किटे खायची, बर्फ तोंडात टाकायचा, वठलेले झाड पेटवून त्याच्या उबेला पाय करून झोपायचे. वादळी रात्री काहीच दिसेनासे झाले म्हणजे हा गडी वाऱ्याने साफ केलेला एखादा सपाट खडक गाठी आणि उजाडेपर्यंत त्यावर आपल्या गावाकडचे नाच नाचे, गोठून मरू नये म्हणून. आम्हांला या माणसाचे हे नाचणे त्याच्या साऱ्या पराक्रमांहून मोठे वाटते.

१८५६ च्या डिसेंबरात वाटेवरच्या एका झोपडीत जेम्स सिसन नावाचा माणूस पाय गोठून पडलेला त्याला आढळला. थॉमसनने जेनोआला जाऊन माणसे जमवली, त्यांच्यासाठी पट्ट्या केल्या आणि सिसनला घसरगाडीवरून खाली आणले. पाय कापावे लागणार होते, आणि वैद्याजवळ क्लोरोफॉर्म नव्हता. ते आणण्यासाठी हाच माणूस पुन्हा पर्वत ओलांडून सॅक्रामेंटोपर्यंत गेला. सिसन जगला.

याच पर्वताच्या उत्तरेला ला पोर्त गावच्या सोन्याच्या खाणीत काम करणारे लोक हिवाळ्यात रिकामे असत. त्यांनी लांब पट्ट्यांच्या शर्यतींचे वेड लावून घेतले होते. १८६६-६७ च्या सुमारास त्यांनी आपला क्लबही काढला. ओल्या बर्फावर त्यांनी तोड काढली ती ‘डोप’ नावाच्या लेपाची. देवमाशाच्या डोक्यातले मेण, चिडाची राळ, कापूर, एरंडेल असे जिन्नस कढवून तो करीत. कोरड्या बर्फाचा लेप निराळा, ओल्याचा निराळा, आणि प्रत्येकाची कृती गुप्त! १८६९ च्या हिवाळ्यात थॉमसन तेथे शर्यतीला गेला आणि सपाटून हरला. तो लेप लावीत नसे. त्यावर त्याने उलट आव्हान दिले की, मोकळा उतार सोडा, झाडाझुडपांच्या डोंगरात या. आमच्या मते दोघांचेही बरोबर होते. खाणवाल्यांना एक टेकडी आणि काही सेकंद जिंकायचे होते, तेथे नेमका लेप हवाच. टपालवाल्याला एकाच फेरीत बर्फाच्या साऱ्या जाती पार करायच्या. त्याने कोणता लेप लावावा?

आता मजुरीचे पाहू. इतके दिवस हा माणूस सरकारी टपाल नेत होता, पण सरकारने त्याला त्याबद्दल काही दिले नाही. पक्का करार त्याच्या हाती नव्हता. ‘पुढे पाहू’ या भरवशावर काम चालले होते. लोक हौसेने काही देत, त्यावर भागे. गिरणीच्या दारात बदली कामगारांबरोबर आम्ही उमेदीची वर्षे काढली. तेव्हा हा ‘पुढे पाहू’ आमच्या चांगल्या ओळखीचा आहे. १८६९ पर्यंत तर आगगाडी पर्वत ओलांडून पलीकडे गेली. गरज सरो, वैद्य मरो! नेवाडाच्या विधिमंडळाने त्याच्यासाठी ठराव करून वॉशिंग्टनला पाठवला. १८७२ मध्ये थॉमसन स्वतः राजधानीला निघाला. वाटेत वायोमिंगमध्ये आगगाडी बर्फात अडकली, तेव्हा हा खाली उतरून चालू लागला. मागणी होती सहा हजार डॉलरची. काँग्रेसने त्याच्या तोंडाला पाने पुसली.

१८७६ च्या वसंतात तो आजारी पडला. पेरणी तर राहिली होती. चालवेना, म्हणून घोड्यावर बसून त्याने बी फेकले. १५ मे रोजी त्याला मरण आले. जेनोआला, जेथे तो पाठीवरची थैली उतरवी, तेथेच त्याची कबर आहे. बायकोने उभारलेल्या दगडावर एकावर एक आडव्या ठेवलेल्या दोन पट्ट्या कोरल्या आहेत.