ओ'कॉनेल स्ट्रीटवरची पहिली करी

डब्लिनमध्ये नवीन आलेलं कुणी भेटलं की पहिल्याच आठवड्यात विचारतं, "इथे चांगलं जेवण कुठे मिळतं हो?" उत्तरं भराभर येतात. कुणी कॅम्डन स्ट्रीटवरचं 'पिकल' सांगतं, त्याचे शेफ सुनील घई ग्वाल्हेरचे. कुणी पार्नेल स्ट्रीटवरच्या चिनी हॉटेलांत जायला सांगतं, तर कुणी म्हणतं केपेल स्ट्रीट गाठा, कोरियन, जपानी, व्हिएतनामी, सगळं एकाच रस्त्यावर मिळेल. हे पत्ते तुम्हालाही ठाऊक असतील. आज त्यांच्या आधीची गोष्ट ऐकू या.

ती सुरू होते डब्लिनच्या दक्षिणेला, कॉर्क शहरात. पाटण्याचा शेख दीन मोहम्मद 1784मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या कॅप्टन बेकरबरोबर तिथे आला. इंग्रजी शिकला, जेन डेली या आयरिश मुलीशी त्यानं पळून जाऊन लग्न केलं. 1794मध्ये कॉर्कमध्येच त्याचं प्रवासवर्णन छापलं गेलं. भारतीय माणसानं इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेलं ते पहिलं पुस्तक मानतात. वीसेक वर्षं आयर्लंडमध्ये काढून तो लंडनला गेला आणि 1810मध्ये त्यानं 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' उघडलं. करी होती, हुक्का होता, बांबूच्या खुर्च्या होत्या. पण दोन वर्षांत दिवाळं निघालं. ब्रिटनमधलं पहिलं भारतीय उपाहारगृह काढणारा माणूस आयर्लंडमध्ये संसार करून गेलेला होता, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.

आता डब्लिनला येऊ. साल 1908. ज्या वर्षी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची शिक्षा होऊन मंडालेला धाडलं, त्याच वर्षी करीम खान नावाच्या गृहस्थांनी अप्पर सॅकव्हिल स्ट्रीटवर 'इंडिया रेस्टॉरंट अँड टी रूम्स' सुरू केलं. सॅकव्हिल स्ट्रीट म्हणजे आजचा ओ'कॉनेल स्ट्रीट. हे नाव मिळालं 1924मध्ये, स्वातंत्र्यानंतर. म्हणजे आयर्लंडला स्वतःचं सरकार मिळण्याआधी डब्लिनच्या मुख्य रस्त्यावर भारतीय जेवण मिळत होतं! ते रेस्टॉरंट फार काळ चाललं नाही, पण सुरुवात झाली.

खरं बस्तान बसवलं मोहम्मद बट यांनी. केनियातून आलेले, मूळ काश्मिरी घराण्यातले. डब्लिनकर त्यांना माइक म्हणत. 1956मध्ये त्यांनी लोअर लीसन स्ट्रीटवर 'गोल्डन ओरिएंट' उघडलं. त्या काळचं आयर्लंड डोळ्यांसमोर आणा. इथली तरुण पोरं कामासाठी बोटीनं इंग्लंडला जात होती. सगळे देश सोडून निघालेले असताना हा माणूस बाहेरून इथे येऊन धंदा मांडतो! पुढे 1966मध्ये ट्रिनिटी कॉलेजच्या मागच्या बाजूला, लिंकन प्लेसला, 'ताजमहाल' आलं. 1981मध्ये 'एशिया मार्केट' सुरू झालं. ड्रुरी स्ट्रीटवरचं हे दुकान तुम्हीही पाहिलं असेल. 2000च्या आसपास चिनी विद्यार्थी मोठ्या संख्येनं आले आणि पार्नेल स्ट्रीटवर त्यांना घरची चव देणाऱ्या जागा उभ्या राहिल्या. कुठल्या रस्त्यावर काय शिजतं त्यावरून कोण कधी आलं ते कळतं.

आणि ही चव एकतर्फी राहिली नाही. चिप्स, तळलेलं चिकन, कांदा, मिरच्या आणि मसाला कागदी पिशवीत घालून हलवलेली 'स्पाइस बॅग' घ्या. साधारण 2010मध्ये टेंपलओगच्या 'सनफ्लॉवर' या चिनी टेकअवेत ती जन्मली, असं सहसा सांगतात. चीनमध्ये शोधायला जाल तर मिळायची नाही. पण आज कुठल्याही आयरिश पोराला विचारा, तो म्हणेल, आमचंच खाणं आहे हे.

हे सगळं आज का सांगतोय? 23 नोव्हेंबर 2023ला पार्नेल स्क्वेअरजवळ लहान मुलांवर चाकूहल्ला झाला. हल्लेखोराला हेल्मेट मारून खाली पाडणारा काइओ बेनिसिओ हा ब्राझीलहून आलेला, घरोघरी जेवण पोचवणारा रायडर होता. तरीही त्याच संध्याकाळी बाहेरून आलेल्यांच्या विरोधात दंगल भडकली. ओ'कॉनेल स्ट्रीटवर बस पेटवली, दुकानं लुटली. करीम खान यांनी चूल मांडली तोच हा रस्ता. 2025च्या उन्हाळ्यात तर भारतीयांवर हल्ले झाले आणि ऑगस्टमध्ये आपल्या दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. "रात्री एकटा येऊ नकोस, फोन कर," हे वाक्य आपल्या किती घरांत बोललं गेलं असेल!

अशा वेळी कुणी "तुम्ही आत्ताच आलात" म्हणालं, तर त्याला 1908 सांगा. भांडायला नको, जेवायला घेऊन जा आणि जेवता जेवता सांगा.

आणि एक काम तुमच्याकडे. कॉर्क, गॉलवे, लिमरिक, तुम्ही जिथे राहता तिथलं पहिलं भारतीय किंवा चिनी हॉटेल कुणी काढलं, शेजारच्या आयरिश आजी-आजोबांना विचारा. हॉटेल बंद झालं की पाटी उतरते, मग नावही विसरतं. काही कळलं तर आम्हाला जरूर कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू. तोवर नमस्कार.