न्यूनगंड कुणाचा?

पीएच.डी.साठी नाव नोंदवायला मी मार्गदर्शकांकडे गेलो, तेव्हा विषय त्यांनीच ठरवून ठेवला होता : दलित विद्यार्थ्यांमधील न्यूनगंड. मी भीत भीत विचारले, ''सर, आपल्या वसतिगृहातल्या सवर्ण मुलांचीही तपासणी करू या का? आमच्या पंगतीला बसताना ज्यांचा घास अडतो, त्यांच्या मनात काय असते तेही पाहू.'' सर हसले. म्हणाले, ''त्याला मापनी कुठे आहे? आणि आजारी सोडून निरोगी माणसाला कुणी तपासतो का?''

सर मनाने वाईट नव्हते. माझ्या शिष्यवृत्तीच्या कागदांसाठी कचेरीचे जिने तेच चढले. पण आजारी कोण आणि निरोगी कोण, याचा निवाडा त्यांनी तपासणीच्या आधीच करून टाकला होता. हा निवाडा त्यांच्या एकट्याचा नव्हता, त्यांच्या शास्त्राचा होता. त्या शास्त्राचा इतिहास मी वाचू लागलो आणि माझ्या प्रश्नाची पायवाट अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या पावलांनी आधीच पडलेली दिसली.

मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारा पहिला काळा अमेरिकन म्हणजे फ्रान्सिस सेसिल समनर. जन्म १८९५ चा, आर्कान्सा राज्यातला. धड हायस्कूलही नशिबी नव्हते. प्रवेशपरीक्षा देऊन पंधराव्या वर्षी कॉलेजात गेला. क्लार्क विद्यापीठात स्टॅनले हॉल यांच्या हाताखाली त्याचा अभ्यास सुरू असताना पहिले महायुद्ध आले. घरात काळ्यांना चिरडणाऱ्या अमेरिकेने जगाला लोकशाही शिकवावी, यावर त्याने १९१८ मध्ये वर्तमानपत्रात पत्र लिहिले. गावात गहजब झाला, पदवी हातची जाते की काय अशी वेळ आली. पुढे सैन्यात भरती, फ्रान्सची आघाडी आणि परतल्यावर १९२० मध्ये डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय होता फ्रॉइड आणि ॲडलर यांचे मनोविश्लेषण. ज्या ॲडलरकडून 'न्यूनगंड' हा शब्द आपल्याकडे आला, तोच हा ॲडलर. गुलामांच्या वंशातल्या माणसाने ही संकल्पना त्या काळी मुळापासून तपासली होती. आमच्या पाठ्यपुस्तकात त्याचे नावही नव्हते.

१९२८ पासून मृत्यूपर्यंत समनर वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवत राहिले. त्यांची व्याख्याने ऐकून केनेथ क्लार्क नावाच्या विद्यार्थ्याने डॉक्टर होण्याचा बेत सोडला आणि मानसशास्त्र धरले. तिथेच गणित शिकायला आलेली मेमी फिप्स हीदेखील या विषयाकडे वळली. पुढे दोघांचे लग्न झाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळवणारा पहिला काळा माणूस केनेथ, १९४० मध्ये. दुसरी मेमी, १९४३ मध्ये.

मेमीने निवडलेला मार्गदर्शक पाहून मी थक्क झालो. त्याच विभागात ऑटो क्लाइनबर्ग होते. वंशावरून बुद्धी ठरते हा समज त्यांनी संशोधनाने खोडून काढला होता. मेमी मात्र हेन्री गॅरेटकडे गेली. काळ्यांची बुद्धी जन्मतः कमी असते, असे मानणारा हा माणूस. मोजमापाचे शास्त्र त्याच्याकडे होते, म्हणून तिने ते त्याच्याकडून घेतले. पदवीनंतर दक्षिणेत जाऊन काळ्यांच्या शाळेत शिकव, असा त्याचा तिला सल्ला होता.

तिने तो ऐकला नाही. पदवी हाती असूनही साजेसे काम मिळेना. १९४६ मध्ये वडिलांकडून ९४६ डॉलर उसने घेऊन पतिपत्नींनी हार्लेममध्ये एका तळघरात मुलांसाठी चाचणी आणि सल्ला केंद्र उघडले. शाळेने 'मतिमंद' म्हणून वेगळ्या वर्गात टाकलेली मुले घेऊन आयाबाप येऊ लागले. मेमीने त्यांच्या चाचण्या घेतल्या, तर बहुतेक मुले त्या वर्गात घालण्याजोगी नव्हतीच. मुलांना मागे बसवणाऱ्या चाचण्यांच्याच आधारे तिने ती मुले पुढे आणली. माझ्या लेखी चिकित्सा मानसशास्त्राच्या डॉक्टरेटचा खरा अर्थ या तळघरात आहे.

क्लार्क दांपत्याची कीर्ती मात्र बाहुल्यांच्या प्रयोगामुळे झाली. पन्नास सेंटला एक अशा चार बाहुल्या. दोन गोऱ्या, दोन तपकिरी, बाकी सगळ्या सारख्या. तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांना विचारले : खेळायला कोणती हवी? चांगली कोणती? वाईट कोणती दिसते? तुझ्यासारखी कोणती? ६७ टक्के मुलांनी खेळायला गोरी मागितली. तपकिरी वाईट दिसते, असे ५९ टक्क्यांनी सांगितले. शेवटच्या प्रश्नाला काही मुले रडू लागली.

हा पुरावा पुढे न्यायालयात गेला. वेगळ्या शाळांविरुद्धच्या पाच खटल्यांपैकी एक व्हर्जिनियातला. तिथे फेब्रुवारी १९५२ मध्ये गॅरेटने वेगळ्या शाळांच्या बाजूने साक्ष दिली आणि त्याच खटल्यात त्याच्या विद्यार्थिनीची, मेमी क्लार्कची, साक्ष विरुद्ध बाजूने झाली. योगायोग असा की गॅरेट ज्या कोलंबियात मानसशास्त्राचा विभागप्रमुख होता, त्याच कोलंबियाने जून १९५२ मध्ये बाबासाहेबांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. याच विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला होता. विद्यापीठ एकच, तिथून कुणी गॅरेट होऊन बाहेर पडतो, कुणी बाबासाहेब.

१७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. निकालाच्या अकराव्या टिपेत केनेथ क्लार्कचे नाव आले. समनर त्याच वर्षी जानेवारीत वारले. आपल्या विद्यार्थ्याचा विजय त्यांना पाहता आला नाही.

इथवर कथा आनंदाची आहे. पण मला अडवले ते पुढच्या गोष्टीने. १९५२ मध्ये सामाजिक शास्त्रांच्या ३२ अभ्यासकांनी सह्या करून एक निवेदन न्यायालयाला दिले होते. त्यात क्लार्कही होते. वेगळेपणाने काळ्या मुलांचे काय होते, एवढेच त्यात नव्हते. गोऱ्या मुलांच्या मनाचेही कसे नुकसान होते, खोट्या मोठेपणाची त्यांना कशी सवय जडते, समतेचे धडे गिरवत विषमता पाळताना ती आतून कशी दुभंगतात, हेही होते. निकालात मात्र उतरले ते फक्त काळ्या मुलांचे नुकसान. गोऱ्यांच्या मनाचे दुखणे बाहेरच राहिले. न्याय देणाऱ्या निकालातही आजारी ठरलो आम्हीच!

आणि उत्तरेत, जिथे मुले एका वर्गात बसत, तिथल्या काळ्या मुलांनीही गोरी बाहुलीच अधिक मागितली होती. म्हणजे एका बाकावर बसवले की काम संपले, असेही नाही. पाणवठा खुला झाला, मंदिर खुले झाले, वसतिगृह एक झाले. पंगतीतला घास अजून अडतोच. तो अडतो कुणाच्या घशात? जातीचे ठाणे मनात आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच बजावले होते. मग ज्या मनात ते ठाणे आहे, त्या मनाची तपासणी शास्त्र कधी करणार?

मी अखेर सरांनी दिलेल्याच विषयावर प्रबंध लिहिला. शिष्यवृत्तीची मुदत सरत आली होती, घरी दोन बहिणी लग्नाच्या होत्या. माझे आकडे खोटे नव्हते. आमच्या मुलांच्या मनात जखम होती, ती माझ्याही मनात होती. पण मी जखम मोजली आणि हत्यार मोजायचे राहून गेले. ही कबुली मी आज देतो आहे.

आज आपली मुलेमुली या शास्त्रात डॉक्टरेट करायला निघाली आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच : मेमीसारखे गॅरेटकडे जावे लागले तरी जा. मापनी शिका, पदवी घ्या, आपल्या वस्तीत तळघर का होईना, उघडा. आणि कुणी तुमच्यापुढे आमच्या न्यूनगंडाचा विषय ठेवला, तर त्याच प्रबंधात दुसऱ्या बाजूचा अहंगंड मोजण्याची परवानगी मागा. त्याला मापनी कुठे आहे, असे सर पुन्हा विचारतील. मी त्या दिवशी गप्प बसलो. तुम्ही सांगा : सर, ती आम्ही तयार करतो.