मधुमेहपूर्व अवस्था व रक्तातील मेद

मधुमेहपूर्व अवस्था व रक्तातील मेद : रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण प्राकृतापेक्षा (सर्वसामान्य प्रमाणापेक्षा) अधिक, परंतु मधुमेहाचे निदान करण्याइतके नसते, अशा स्थितीस मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. उपाशीपोटी १ डेसिलिटर रक्तद्रवात १०० ते १२५ मिग्रॅ. (जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ११० ते १२५ मिग्रॅ.) किंवा ७५ ग्रॅ. ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी १४० ते १९९ मिग्रॅ. ग्लुकोज आढळणे, हे तिचे प्रमुख निकष होत. या अवस्थेत बहुधा कोणतीही लक्षणे नसतात. तथापि हृदयाच्या रोहिण्यांना अपाय करणारे मेदांतील बदल याच काळात सुरू झालेले असतात. शर्करा व मेद यांचा अभ्यास दीर्घकाळ स्वतंत्रपणे होत राहिल्यामुळे ही गोष्ट ध्यानात येण्यास विसावे शतक संपत यावे लागले.

प्राचीन भारतीय वैद्यकात मात्र या दोहोंचा संबंध जोडलेला दिसतो. चरकसंहितेत प्रमेहाच्या संप्राप्तीत मेदाला महत्त्वाचे स्थान असून रोगी स्थूल व कृश अशा दोन प्रकारचे सांगितले आहेत. रोग प्रकट होण्यापूर्वीच्या लक्षणांचे, म्हणजे पूर्वरूपांचेही वर्णन आढळते. त्यातील मेद म्हणजे आजच्या प्रयोगशाळेत मोजला जाणारा घटक नव्हे. परंतु रोगाला पूर्वावस्था असते, ही कल्पना त्यातून स्पष्ट होते.

आधुनिक काळात रशियन शास्त्रज्ञ न्यिकली अनिचकॉव्ह यांनी १९१३ मध्ये सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत मेदाचे थर निर्माण करून दाखविले. १९५० च्या सुमारास अमेरिकेत जॉन गोफमन यांनी अतिवेगवान अपकेंद्रित्राच्या साहाय्याने रक्तातील मेदप्रथिनांचे घनतेनुसार वर्गीकरण केले. दरम्यान १९३६ मध्ये इंग्लंडमध्ये हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी काही मधुमेही इन्शुलिनाला प्रतिसाद देतात, तर काही देत नाहीत, असे दाखविले होते. हे दोन प्रवाह जेरल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये एकत्र आणले. इन्शुलिनाला होणारा रोध, वाढलेली ट्रायग्लिसराइडे, घटलेले एचडीएल कोलेस्टेरॉल व उच्च रक्तदाब ही एकाच विकारसमूहाची अंगे आहेत, असे त्यांनी प्रतिपादन केले. १९९० मध्ये सॅन अँटोनिओ येथील पाहणीत, पुढे मधुमेह झालेल्या व्यक्तींत निदानापूर्वीच हे दोष होते, असे आढळले.

यामागील क्रिया अशी : इन्शुलिनाचा प्रभाव कमी झाला की, मेदपेशींतून मेदाम्ले अधिक प्रमाणात बाहेर पडतात व यकृत त्यांपासून ट्रायग्लिसराइडयुक्त मेदप्रथिने अधिक तयार करते. त्यांच्याशी होणाऱ्या मेदांच्या देवघेवीत एचडीएल कण लवकर नष्ट होतात आणि एलडीएल कण लहान व घन बनतात. त्यामुळे एलडीएल कोलेस्टेरॉलाचा आकडा सामान्य दिसूनही घातक कणांची संख्या मोठी असू शकते. म्हणून १५० मिग्रॅ. वा अधिक ट्रायग्लिसराइडे आणि पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० मिग्रॅ. पेक्षा कमी एचडीएल कोलेस्टेरॉल यांना विशेष महत्त्व दिले जाते. या दोहोंचे गुणोत्तरही इन्शुलिनरोधाचे निदर्शक मानतात. मात्र त्याची एकच सीमा सर्व मानवसमूहांना लागू पडत नाही.

महाराष्ट्रात या विषयाला वेगळे वळण पुणे येथील केईएम रुग्णालयातील संशोधनाने मिळाले. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या अपत्यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी होती. परंतु त्यांच्या शरीरातील मेद त्या मानाने घटलेला नव्हता. २००४ मध्ये याज्ञिक व इंग्लंडमधील जॉन युडकिन यांनी स्वतःचीच उदाहरणे मांडली : दोघांचा देहभार निर्देशांक २२·३ होता, पण शरीरातील मेद अनुक्रमे २१·२ व ९·१ टक्के होता. केवळ वजन पाहून धोक्याचा अंदाज बांधणे भारतीयांच्या बाबतीत किती अपुरे आहे, हे यावरून कळते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या बहुप्रांतीय पाहणीच्या पहिल्या टप्प्यात (२०११) महाराष्ट्रातील ८·४ टक्के प्रौढांत मधुमेह व १२·८ टक्क्यांत मधुमेहपूर्व अवस्था आढळली. याच पाहणीतील महाराष्ट्रासह चार प्रदेशांच्या मेदविषयक निष्कर्षांनुसार (२०१४) एलडीएल कोलेस्टेरॉल ११·८ टक्के व्यक्तींतच वाढलेले होते. ट्रायग्लिसराइडे २९·५ टक्क्यांत वाढलेली, तर एचडीएल ७२·३ टक्क्यांत कमी होते. पुढे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी निष्कर्षांत चयापचयाचे इतर विकार शहरांत अधिक आढळले. मधुमेहपूर्व अवस्था मात्र त्यास अपवाद ठरली.

हा अपवाद वर्धा जिल्ह्यासारख्या कृषिप्रधान भागाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. नागपूर-हैदराबाद महामार्गावरील जाम येथून चंद्रपूरकडे जाणारा रस्ता फुटतो. अशा गावांत ग्रामीण व नागरी राहणी यांची सीमारेषा आखणे कठीण असते. असंसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातील प्रारंभीच्या जिल्ह्यांत वर्ध्याचा समावेश होता. गावपातळीवरील तपासणीत बोटातून काढलेल्या थेंबावरून ग्लुकोज मोजले जाते. मेदांसाठी सामान्यतः शिरेतून रक्त घेऊन ते प्रयोगशाळेत पाठवावे लागते. परिणामी कृश बांध्याच्या, मधुमेह नसलेल्या व्यक्तीस निर्धोक समजले जाण्याचा संभव राहतो.

ही अवस्था अटळ नाही. चीनमधील दा चिंग येथे १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात आहार व व्यायाम यांत सहा वर्षे सुधारणा करविण्यात आली. तीस वर्षांनंतरच्या पाहणीत (२०१९) त्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांच्या घटना २६ टक्क्यांनी कमी आढळल्या. चेन्नई येथील भारतीय प्रयोगातही (२००६) राहणीतील बदलाने मधुमेह होण्याचे प्रमाण २८·५ टक्क्यांनी घटले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तीत ग्लुकोजाबरोबर मेदांचीही तपासणी का करावी, याचे उत्तर या इतिहासात आहे.