जर्मन यजमानांच्या पार्टीला डोंगरची शिदोरी

पुण्यातील मॅक्स म्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन भाषा शिकून, विद्यार्थी-विनिमयाच्या कार्यक्रमातून किंवा मुले सांभाळण्याच्या मोबदल्यात घरात राहणारे 'ओ-पेअर' म्हणून जर्मन कुटुंबात जाणाऱ्या तरुणांपुढे लवकरच एक प्रसंग उभा राहतो. यजमानांच्या घरी कोणाचा तरी वाढदिवस असतो, उन्हाळा असेल तर अंगणात 'ग्रिलेन'चा बेत असतो, आणि घरची कर्ती बाई सहज विचारते, ''तुमच्याकडचा एखादा पदार्थ करशील का?'' प्रश्न साधा असला तरी त्या एका ताटलीवर बरेच काही अवलंबून असते. तोपर्यंत घरात पाहुणा म्हणून वावरणारा मुलगा किंवा मुलगी त्या दिवशी प्रथमच घरातील माणसांसारखी टेबलावर काही तरी ठेवणार असते.

प्रत्येकाने एकेक पदार्थ आणावयाच्या अशा मेळाव्याला जर्मनीत 'मिटब्रिंगपार्टी' म्हणतात. कोण काय आणणार याची यादी यजमान आधीच करतात, नाही तर बटाट्याच्या सॅलडची पाच भांडी शेजारी शेजारी मांडण्याची वेळ येते. तेव्हा आपला पदार्थ वेळेत सांगून ठेवावा. मराठी घरात ''काही आणू नका हो'' याचा अर्थ रिकाम्या हाताने येऊ नका असाच घेतला जातो. तिकडे तसे नाही. नको म्हटले तर खरोखरच नको असते आणि 'एक सॅलड आण' म्हटले तर त्या सॅलडवर बेत आखलेला असतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. युरोपीय संघात 13 डिसेंबर 2014 पासून उपाहारगृहांनाही अन्नातील 14 ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यावी लागते. खासगी पार्टीला हा नियम लागू नाही, तथापि लोकांना विचारण्याची सवय झाली आहे आणि ज्याला ॲलर्जी आहे त्याच्या जिवाशी गाठ असते. त्या यादीत शेंगदाणे, तीळ आणि मोहरी हे तिन्ही आहेत. म्हणजे मराठी फोडणी आणि कूट दोन्ही संशयाच्या कक्षेत आले! गव्हातील ग्लुटेन ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी हिंगाची डबी तपासावी लागते, कारण बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. पदार्थाशेजारी घटकांची जर्मन चिठ्ठी ठेवणे हा त्यावरचा सोपा उपाय.

मग करावे काय? बहुतेकांच्या मनात प्रथम पुरणपोळी किंवा बटाटेवडा येतो. पुरणपोळीला सकाळ खर्ची पडते. वडे गरम असेपर्यंतच वडे असतात, तर तिकडच्या टेबलावर अन्न तीन-तीन तास मांडलेले असते आणि लोक हातात ताटली घेऊन उभ्यानेच खातात. शिवाय परक्याच्या स्वयंपाकघरात तळण करणे अवघडच. काचेच्या सपाट विजेच्या शेगडीवर गोल बुडाची कढई नीट तापत नाही, आणि राहत्या घरांत धूरसूचक यंत्र बसवणे जर्मनीतील सर्व राज्यांत बंधनकारक असल्याने जोरदार फोडणीने घरभर भोंगा वाजू शकतो.

थोडक्यात, गार झाल्यावरही चांगला लागणारा, न सांडणारा, हाताने उचलून खाता येणारा आणि शक्यतो दूध-गव्हावाचून होणारा पदार्थ हवा. ही शिदोरीचीच व्याख्या झाली. त्यासाठी पुणे शहरातील हलवायांकडे पाहण्याऐवजी जिल्ह्याच्या पश्चिम टोकाकडे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

घोडेगावहून डिंभे धरणाच्या जलाशयाच्या बाजूने पश्चिमेला गेलेला रस्ता सह्याद्रीच्या ऐन कड्यावर जेथे संपतो, तेथे आंबेगाव तालुक्यातील आहुपे हे गाव आहे. कड्याखाली ठाणे जिल्ह्याचा मुरबाड तालुका. वस्ती मुख्यत्वे महादेव कोळी समाजाची. खाचरांत भात आणि डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर नाचणी, वरई व खुरासणी ही या पट्ट्याची जुनी पिके. रानात जाताना फडक्यात बांधून न्यावयाची भाकरी आणि कोरडी चटणी हे येथील खरे प्रवासी अन्न. त्यात ना गहू, ना दूध. शहरी 'आरोग्य आहारा'च्या जाहिराती आज जे सांगतात ते या फडक्यात पूर्वीपासून होते, फक्त त्याला कोणी प्रतिष्ठा दिली नव्हती.

यातील वरईची जातभाई जर्मनीत सहज मिळते. 'हिर्से' या नावाने विकले जाणारे ते बारीक पिवळसर धान्य जैविक मालाच्या कोणत्याही दुकानात असते. ग्रिम बंधूंच्या 'गोड लापशी' या कथेत मंतरलेल्या भांड्यातून उतू जाऊन गावभर पसरते ती लापशी हिर्सेचीच. एके काळी हे तेथील गरिबांचे रोजचे अन्न होते. पुढे बटाटा आणि मका आल्यावर ते मागे पडले. सह्याद्रीतही नाचणी-वरईची जागा गहू-तांदळाने घेतली. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा दोन्हीकडे या धान्यांची पुन्हा आठवण झाली. पार्टीत पदार्थाविषयी कोणी विचारलेच, तर सांगण्यासारखी ही हकीकत आहे. हिर्सेचा मोकळा सांजा करून तो गार होऊ द्यावा, वर लिंबू पिळून कोथिंबीर घालावी. पास्त्याच्या सॅलडशेजारी तो मुळीच परका वाटत नाही. मिरची बेताची घालावी, तिखट हवे असणाऱ्यांसाठी चटणी वेगळी ठेवावी.

चटणी म्हटली की खुरासणी आठवते आणि तेथे थोडी गंमत आहे. आंबेगावच्या डोंगरात जिची चटणी भाकरीबरोबर खातात, ती खुरासणी युरोपात मुख्यत्वे पाखरांचे खाद्य म्हणून आयात होते. हिवाळ्यात जर्मन बागांतून टांगलेल्या नळ्यांत तीच भरलेली असते. मात्र पक्ष्यांसाठी विकले जाणारे बी माणसाच्या खाण्यासाठी तपासलेले नसते, त्यामुळे ते आणून चटणी कुटू नये. भाजून केलेली कोरडी चटणी येथूनच न्यावी.

नेण्याचेही नियम आहेत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस व दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. खवा, पनीर इतकेच नव्हे तर साजूक तूपही त्यात येते. 14 डिसेंबर 2019 पासून ताजी फळे व भाज्यांनाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढी पाच फळे त्यातून वगळली आहेत. कढीपत्त्याची जुडी किंवा हिरव्या मिरच्या बॅगेत टाकण्याचा मोह म्हणूनच टाळावा. नाचणीचे पीठ आणि गूळ मात्र नेण्यासारखे. तेथे लोणी विकत घेऊन ते कढवावे, मंद आचेवर पीठ खमंग भाजावे, गूळ किसून मिसळावा आणि सुपारीएवढे लाडू वळावेत. मोठ्या लाडवाकडे लोक साशंक नजरेने पाहतात, लहान मात्र उचलला जातो. दूधही वर्ज्य असणारे पाहुणे असतील तर लोण्याऐवजी खोबरेल तेल चालते.

बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात, तेव्हा रविवारच्या पार्टीची खरेदी शनिवारीच उरकावी. स्वयंपाकघर किती वाजता मोकळे मिळेल हे यजमानांना आदल्या दिवशी विचारावे आणि खिडकी उघडी ठेवावी. पार्टी दुसऱ्या कोणाच्या घरी असेल तर भांड्याच्या बुडाला नावाची चिकटपट्टी लावावी. निघताना जो तो आपले भांडे उचलून नेतो. मराठी घरात दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करीत नाहीत, तिकडे ते रिकामेच आणि बहुधा धुऊन मिळते. त्यात अवमान मानण्याचे कारण नाही. दोन लाडू उरलेच असतील तर यजमान ते ठेवून घेऊ का, असे स्वतःच विचारतात.