सिगारपेटीवरील कागदाची दुरुस्ती

सिगारपेटीवरील कागदाची दुरुस्ती म्हणजे सिगारच्या लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या पेटीवर चिकटवलेला छापील कागद सुटल्यास, फुगल्यास किंवा फाटल्यास तो मूळ जागी पुन्हा बसवण्याची प्रक्रिया होय. अशा पेट्या सिगार बॉक्स गिटार, बॅन्जो, युकुलेले व फिडल यांसारख्या घरगुती तंतुवाद्यांच्या ध्वनिपेटीसाठी वापरल्या जातात. वाद्य तयार करण्यापूर्वी व जुन्या वाद्याची देखभाल करताना ही दुरुस्ती करावी लागते.

पार्श्वभूमी

अमेरिकेत १८६० च्या दशकात सिगारवर कर लागू झाला आणि सिगार ठरावीक संख्येच्या पेट्यांमध्ये विकणे बंधनकारक झाले. कर भरल्याची खूण म्हणून पेटीवर तिकीट चिकटवले जाई. पेटी उघडताना ते तिकीट नष्ट करावे आणि पेटी सिगारसाठी पुन्हा वापरू नये, अशी सूचनाही पेटीवर छापलेली असे. परिणामी रिकाम्या पेट्या मोठ्या संख्येने घरोघरी उरू लागल्या आणि त्यांतून वाद्ये बनवण्याची प्रथा रुजली. चित्रकार एडविन फोर्ब्स यांच्या १८७६ मधील एका कोरीव चित्रात यादवी युद्धातील सैनिक सिगारपेटीचे फिडल वाजवताना दिसतो. लाइटनिंग हॉपकिन्स, कार्ल पर्किन्स आदी संगीतकारांच्या सुरुवातीच्या वादनाशीही अशा वाद्याचा संबंध जोडला जातो.

पेटी व कागद यांची रचना

जुन्या पेट्यांसाठी प्रामुख्याने स्पॅनिश सीडर हे लाकूड वापरले जाई. नावात सीडर असले तरी हा वृक्ष देवदाराच्या नव्हे, तर कडुनिंबाच्या कुळातील (मेलिएसी) आहे. झाकणाच्या आतील बाजूस मोठे चित्रपत्रक, बाहेर लहान पत्रक, कडांवर अरुंद पट्ट्या व झाकणाच्या खिळ्यावर छोटी चकती अशी कागदांची मांडणी असे. ही पत्रके शिळाछापाने अनेक रंगांत छापली जात. काहींवर उठावाचे काम व सोनेरी दिसणारी धातूची पूड असे. आधुनिक पेट्यांपैकी अनेक प्लायवुड, दाबलेल्या लाकूडभुशाच्या फळ्या किंवा पुठ्ठा यांपासून बनवून वरून पूर्णपणे कागदाने मढवलेल्या असतात.

कागद सुटण्याची कारणे

लाकूड हवेतील ओलाव्यानुसार आकुंचन-प्रसरण पावते. हा बदल शिरांच्या आडव्या दिशेला जास्त असतो. कागद मात्र त्याच प्रमाणात हलत नाही. त्यामुळे सांध्यांवर व कोपऱ्यांवर ताण येऊन तो प्रथम तेथे सुटतो. जुना सरस किंवा खळ कालांतराने ठिसूळ होते, तसेच कीटक व बुरशी यांचे खाद्य ठरते. वाद्यात याशिवाय तारांचा ताण, हाताचा घाम व मनगटाचे घर्षण यांची भर पडते. सुटलेली कड वाजवताना थरथरते व खरखर ऐकू येते. ही खरखर पुष्कळदा सैल पडदा किंवा घोडीचा दोष समजली जाते.

दुरुस्तीची पद्धत

वाद्य तयार असल्यास प्रथम तारा सैल केल्या जातात. मऊ कुंचल्याने धूळ काढल्यावर, सहज न दिसणाऱ्या जागी ओलसर कापसाने शाई व धातूची पूड सुटते का, याची चाचणी घेतली जाते. रंग उतरत असल्यास पाण्याचा वापर टाळावा लागतो.

चिकटवण्यासाठी पुढील पदार्थ प्रचलित आहेत :
* गव्हाच्या स्टार्चची खळ : स्टार्च पाण्यात सतत ढवळत शिजवून, गार करून व गाळून ही तयार होते. ती पाण्याने पुन्हा सोडवता येते. मैद्याच्या खळीत ग्लुटेन राहत असल्याने संवर्धनकार्यात शुद्ध स्टार्चला पसंती दिली जाते.
* मिथाइल सेल्युलोज : गार पाण्यात विरघळते व बुरशीला सहजी बळी पडत नाही, मात्र त्याची पकड तुलनेने कमी असते.
* पांढरा गोंद (पॉलिव्हिनाइल ॲसिटेट) : पकड मजबूत असते, परंतु वाळल्यावर तो कागदाला इजा न करता काढणे अवघड असते. त्यामुळे तो नव्या, सामान्य पेट्यांसाठीच योग्य ठरतो.

उचललेल्या कडेखाली बारीक कुंचल्याने किंवा खळ लावलेल्या कागदी पट्टीने पातळ थर दिला जातो. मधोमध फुगवटा असल्यास चित्रातील एखाद्या रेषेच्या बाजूने धारदार पात्याने छोटी चीर पाडून सुईने खळ आत सोडतात. बोटाने किंवा हाडाच्या घोटणीने मध्यापासून कडेकडे हवा काढली जाते. बाहेर आलेली खळ लगेच टिपली जाते. त्यावर न चिकटणारा कागद, टीपकागद व सपाट फळी ठेवून वजन दिले जाते. पूर्ण वाळेपर्यंत, साधारणतः एक दिवस, दाब कायम ठेवला जातो. भुशाच्या फळीची पेटी पाण्याने फुगत असल्याने तिच्यासाठी खळ घट्ट व अत्यल्प वापरावी लागते.

नाहीसा झालेला तुकडा भरण्यासाठी कागदी तुतीच्या लांब तंतूंचा जपानी कागद वापरतात. तो कापण्याऐवजी फाडल्यास कडेचे तंतू मूळ कागदात मिसळतात व जोड कमी दिसतो. जलरंगाने त्याला आधीच जुळता रंग दिला जातो.

लेप

वाद्य हाताळले जाणार असल्याने कागदावर संरक्षक लेप दिला जातो. लेपापूर्वी सर्व कडा चिकटलेल्या असणे आवश्यक आहे, कारण कडेतून आत शिरलेल्या लेपामुळे कागद पारदर्शक व डागाळलेला दिसू शकतो, तसेच पुढील दुरुस्ती अवघड होते. लाखेपासून बनणाऱ्या चपड्याचा स्पिरिटमधील लेप किंवा पाण्यात मिसळणारे व्हार्निश पातळ थरांत लावतात. स्पिरिटमध्येही काही शाया विरघळतात, त्यामुळे त्याचीही चाचणी आवश्यक असते. घोडी ज्या पृष्ठभागावर टेकते, त्यावर जाड लेप दिल्यास वजन वाढून कंपने मंदावतात.

जतनाचा प्रश्न

पेटीवरील कागद हा सजावटीबरोबरच ऐतिहासिक पुरावाही असतो. करतिकिटे व छापील सूचनांवरून पेटीचा काळ व उत्पादनाचा प्रदेश ओळखता येतो. फाटलेले करतिकीट हे नुकसान नसून पेटी कायद्यानुसार उघडल्याची खूण असू शकते. त्यामुळे ते जोडण्याऐवजी आहे त्या स्थितीत स्थिर केले जाते. दुर्मीळ पेटी कापून वाद्य बनवण्यापेक्षा ती तशीच जपणे संग्राहकांना योग्य वाटते. याउलट वाद्यनिर्माते घासलेला, डागाळलेला कागद हा या वाद्याच्या ओळखीचाच भाग मानतात. दोन्ही दृष्टिकोनांत कमीत कमी हस्तक्षेप आणि पुढे पुन्हा सोडवता येईल असा गोंद, ही तत्त्वे उपयोगी ठरतात.

हे सुद्धा पहा
* सिगार बॉक्स गिटार
* शिळामुद्रण
* लाख