डोळ्यांचे शिल्प, कानांचे शिल्प

शिल्प म्हटले की ते पाहायचे, ही आपली जुनी समजूत. मूर्तीचे आपण दर्शन घेतो आणि चौकातल्या पुतळ्याकडे मान वर करून पाहतो. शिल्पापाशी उभे राहून कान द्यावा, असे क्वचितच कोणाच्या मनात येते. ही समजूत कशी बदलत गेली, हे एकाच कलाशाळेच्या काही विद्यार्थ्यांच्या कामावरून पाहता येते. शाळेचा वृत्तान्त या स्मरणिकेत अन्य मंडळींनी लिहिला आहेच, म्हणून मी हा विषय घेतला. त्यामागे थोडा स्वार्थही आहे. दहावीचा निकाल लागला की दरवर्षी एखादे पालक माझ्या खोलीत येतात आणि म्हणतात, “बाई, तो मूर्तिकला शिकायची म्हणतोय. तुम्हीच समजवा त्याला.” हा लेख त्यांच्यासाठीही आहे.

सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली. पुढे ती ‘जे. जे.’ या दोन अक्षरांनीच ओळखली जाऊ लागली. ग्रीक पुतळ्यांचे साचे समोर ठेवून विद्यार्थी तेथे हात बसवीत. त्या शिस्तीतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गणपतराव म्हात्रे नावाच्या तरुण विद्यार्थ्याने ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली मराठी युवती, प्लास्टरमध्ये, पूर्ण मनुष्याकृती. तंत्र पाश्चात्त्य, पण नेसण आणि चाल आपली. तिचे कौतुक मुंबईपुरते राहिले नाही. रवींद्रनाथ ठाकुरांनी तिच्यावर बंगालीत लेख लिहिला. एका विद्यार्थ्याच्या कामाची अशी दखल घेतली जावी, हे आजही विरळाच.

म्हात्र्यांच्या पाठोपाठ अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर आले. गावातल्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने रंगवलेले शिवाजी महाराजांचे चित्र ऑटो रॉथफिल्ड या कलेक्टरने पाहिले आणि त्याला जे. जे.त धाडले. (देवळाची भिंत रंगवली म्हणून कोणी त्याचा कान पिरगाळला असता, तर १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला तो भव्य अश्वारूढ पुतळा कोणी केला असता, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.) करमरकरांनी पुढे कलकत्त्यात शिल्पशाळा थाटली, महाराष्ट्राबाहेर राहून मराठी घर चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जवळचे वाटावे. त्यांच्या एका शिल्पाचे नाव ‘शंखध्वनी’ असे आहे. नावात ध्वनी आहे, शंख ओठांशी आहे, पण नाद मात्र पाहणाऱ्याने मनातच ऐकायचा. शिल्पकलेने ध्वनीच्या उंबरठ्यापर्यंत यावे आणि तेथेच थांबावे, असे ते वाटते.

उंबरठा ओलांडलेली उदाहरणे आपल्याकडे फार पूर्वीपासून आहेत, हे मात्र विसरता येत नाही. हंपीच्या विठ्ठल मंदिरातील रंगमंडपाचे दगडी खांब बोटांनी आघात करताच सुरेल नाद देतात. याच विठ्ठलाला संत भानुदासांनी विजयनगराहून पंढरपुरास परत आणले, अशी आपली परंपरा सांगते. आज त्या खांबांना हात लावण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. शतकानुशतके टकटक सोसून दगडही झिजतो. पाश्चात्त्य जगात १९१३ साली लुइजी रुसोलो या इटालियन चित्रकाराने गोंगाटालाही कला म्हणा, असे जाहीर केले आणि तसा आवाज काढणारी यंत्रे बनवली. पुढे अमेरिकेत हॅरी बर्तोया यांनी धातूच्या उभ्या कांड्यांची शिल्पे केली. त्यांवरून हात फिरवला की कांड्या एकमेकींवर आपटून घुमतात. ‘हात लावू नये’ ही पाटी त्यांनी जणू काढून टाकली.

आता पुन्हा जे. जे.कडे येऊ. १९९२ ते १९९७ या काळात शिल्पा गुप्ता या मुंबईकर विद्यार्थिनीने तेथे शिल्पकलेचेच शिक्षण घेतले. विभाग म्हात्रे-करमरकरांचाच, पण त्यांची माध्यमे पाहिली तर जुने गुरुजी चक्रावून जातील: विटा, संवेदक, हेडफोन, मायक्रोफोन. ‘स्पीकिंग वॉल’ या कृतीत भिंतीपासून जमिनीवर विटांची एक अरुंद वाट निघते. प्रेक्षकाने हेडफोन लावून त्या वाटेवर उभे राहायचे. कानातला आवाज सरहद्दींविषयी बोलतो आणि मधूनच पुढे ये, मागे जा, असे सांगतो. माणूस निमूटपणे पावले टाकतो. रेषा कोणी आखली हे न विचारता आपण ती पाळत आहोत, हे त्याला जरा उशिराच उमगते. येथे प्रेक्षकावाचून शिल्प पुरे होत नाही.

‘सिंगिंग क्लाउड’मध्ये हजारो मायक्रोफोनांचा एक काळा ढग छतापासून लोंबतो आणि त्यातून आवाज येतात. मायक्रोफोन बोलण्यासाठी असतो. शिल्पा गुप्ता त्यालाच बोलता करतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना यात नवल वाटू नये. पडदा, तारेचे वेटोळे आणि चुंबक असलेला मायक्रोफोन आणि ध्वनिवर्धक यांचे तत्त्व एकच, फक्त दिशा उलटी. पण अर्थ केवढा बदलतो! ज्याचे काम आपले ऐकून घेण्याचे, तोच आपल्याला ऐकवू लागतो.

मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची २०१७-१८ मधील कृती, ‘फॉर, इन युवर टंग, आय कॅनॉट फिट’. मराठीत म्हणायचे तर, कारण तुझ्या भाषेत मी मावत नाही. काळोख्या दालनात १०० टोकदार लोखंडी गज उभे आहेत. प्रत्येकावर एक कागद खोचलेला, त्यावर एखाद्या कवीच्या ओळी. हे कवी निरनिराळ्या शतकांतले आणि देशांतले. आपल्या लेखनासाठी किंवा मतांसाठी तुरुंगात गेलेले. वरून १०० मायक्रोफोन लोंबतात. त्यांतल्या एकातून एक आवाज ओळी म्हणतो, मग इतर मायक्रोफोन त्याला साथ देतात. ही कृती कोचीच्या बिनालेत मांडली गेली आणि २०१९ साली व्हेनिसच्याही.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्याच्या आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि गुरुजी ते शब्द उतरवून घेत होते. आपल्या ग्रंथालयातील या दोन पुस्तकांची पाने इतकी हाताळली गेली आहेत की त्यांची शिवण दरवर्षी नव्याने घालावी लागते. ती कोठे लिहिली गेली, हे मुलांना आवर्जून सांगावे लागते. गजावर खोचलेला कागद एका दृष्टिक्षेपात जे सांगतो, ते सांगायला आम्हा शिक्षकांना एक तास लागतो.

त्या दालनात एका जागी उभे राहून सारे ऐकता येत नाही. आवाज उजवीकडे उमटतो, तिकडे जावे तर तो मागे सरकलेला असतो. कागदावरच्या ओळी वाचायला वाकावे लागते, आणि वाकताना गजाचे टोक डोळ्यांच्या अगदी जवळ येते.