वाळ्याच्या ताटीपासून दीड टनापर्यंत

बुलडाणा जिल्ह्यातला माणूस आपला ठावठिकाणा सांगताना तालुक्याच्या आधी ‘घाटावर’ की ‘घाटाखाली’ हे सांगतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन तुकडे केले आहेत. वर बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद. बुलडाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच, तर मलकापूर त्याच्या निम्म्याहूनही कमी. मे महिन्यात राजूर घाट चढताना हा फरक दोन-तीन अंशांनी अंगाला कळतो. नव्या घरासाठी ए.सी. कोणता घ्यावा, हा प्रश्न म्हणूनच या जिल्ह्यात आधी इतिहास-भूगोलाचा ठरतो आणि मग दुकानाचा.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६०च्या दशकात जिल्ह्याचे मुख्यालय बुलडाण्यास ठरले. वस्तुतः व्यापार घाटाखाली होता. मुंबई-नागपूर लोहमार्ग खालूनच गेला आणि खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून १८७० मध्ये स्वतंत्र फाटा काढण्यात आला. असे असूनही कापूस खाली आणि कचेरी वर, अशी वाटणी झाली. या निवडीत हवेचा विचार नसेल, असे मानणे आम्हाला कठीण वाटते. थंडावा मिळवण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे थंड जागी राहायला जाणे, आणि ती ज्याच्या हाती सत्ता त्यालाच परवडते.

ज्याला जागा बदलता येत नव्हती, त्याने घरच तसे बांधले. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचे धाबे, ओसरी, लहान खिडक्या. दुपारचे ऊन अशा भिंतीतून आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होत असे, आणि संध्याकाळी माणसे अंगणात बाजा टाकीत. या घरांचे गोडवे गाताना त्यांचा अंधार, वाळवी आणि पावसाळ्यातली गळती विसरण्याची चूक आपल्या ललितलेखनाने पुष्कळ केली आहे. परंतु उष्णता ‘उशिरा पोहोचवणे’ ही त्यांची करामत मात्र खरी होती.

पाण्याने हवा गार करण्याची कल्पनाही जुनीच. वाळ्याच्या ओल्या ताट्यांच्या खोलीचे, खसखान्याचे, श्रेय अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराला दिले आहे. श्रेय बादशहालाच मिळायचे, हे ओघाने आलेच. एकोणिसाव्या शतकात साहेबांनी या ताट्या लाकडी खोक्याला लावून आत हाताने फिरवायचा पंखा बसवला आणि त्याला ‘थर्मँटिडोट’ असे भारदस्त नाव दिले. विदर्भातला आजचा पत्र्याचा कूलर हा त्याचाच थेट वंशज. फरक एवढाच की, हात फिरवणारा माणूस जाऊन तिथे मोटार आली. कचेरीतल्या झालरीच्या पंख्याची दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर जाई आणि ती ओढणारा उन्हाच्या झळांत बसे. आताच्या स्प्लिट ए.सी.चे बाहेरचे यंत्र पाहताना आम्हाला हटकून त्याची आठवण येते, कारण आतला उकाडा आजही भिंतीपलीकडेच टाकला जातो.

यंत्राचा जन्म माणसाच्या सुखासाठी झालाच नव्हता. १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगून रंग जुळेनासे झाले, तेव्हा विलिस कॅरियरने हवेतला ओलावा आवरणारी यंत्रणा आखली. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या अभियंत्याने वापरात आणला, तोही सूतगिरण्यांसाठी. तिथे हवेत ओलावा घालायचा होता, म्हणजे धागा तुटू नये. कागद आणि कापूस यांची सोय आधी झाली. कापूस वाहणाऱ्या, जिनिंगमध्ये राबणाऱ्या खामगावच्या मजुराचा नंबर या हिशेबात कुठेच नव्हता.

आपला ‘वातानुकूलन’ हा शब्द मात्र सुरेख आहे. संस्कृतात ‘कूल’ म्हणजे काठ. काठाकाठाने जाणारे ते अनुकूल. इंग्रजी ‘कूल’शी त्याचे नाते नाही, पण योगायोग मजेचा आहे. बोलीत तर क्रियापदही बदलते. कूलर आपण ‘लावतो’ आणि ए.सी. ‘बसवतो’. होळी झाली की कूलर माळ्यावरून निघतो, नव्या ताट्या येतात, नवतपा सरतो, पाऊस पडला की तो पुन्हा माळ्यावर जातो. तो ऋतूचा पाहुणा आहे, ए.सी. घराचा भाग होतो.

तो घराचा भाग झाला, कारण घर बदलले. धाबे गेले, सिमेंटचा स्लॅब आला, भिंती नऊ आणि साडेचार इंचांवर आल्या. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडतो, आणि बाजा टाकायला अंगणही उरलेले नाही. खामगावच्या बाजूला ४४ अंशांच्या कोरड्या दुपारी कूलर हवा २८-२९ अंशांपर्यंत आणू शकतो. जुलैच्या दमट रात्री तोच निरुपयोगी ठरतो. शिवाय मोठा कूलर तासाला दहा लिटरांहून अधिक पाणी पितो. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, तिथे ही गोष्ट क्षुल्लक म्हणता येत नाही. यावर ए.सी. पाणी वाचवतो असे कोणी म्हणेल, तर शेगावच्या पुढे पारसला औष्णिक वीजकेंद्र आहे आणि तशा केंद्रालाही पाणी लागते, हे ध्यानात घ्यावे.

आम्ही नवे घर बांधायला काढले, तेव्हा दुकानदाराचा पहिला प्रश्न ‘किती टन?’ असा होता. हा टन बर्फाचा आहे. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळायला जितकी उष्णता लागते, तितकी खेचण्याची ताकद म्हणजे एक टन, सुमारे साडेतीन किलोवॅट. बोस्टनहून जहाजाने बर्फ १८३३ साली कोलकात्याला आला. त्या व्यापाराच्या काळाची खूण या मापात टिकून आहे. पण दीड टनाच्या यंत्राची ही ताकद बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. पारा ४४-४५ वर गेला की ती घटते. घाटाखालच्या ग्राहकाने म्हणून आधी हे पाहावे की, ४६ किंवा अधिक अंशांवर ते यंत्र काय देते. ताऱ्यांचे लेबल २००६ पासून आले, खोलीच्या ए.सी.ला ते २०१० पासून सक्तीचे झाले. त्यावर वर्षाकाठचे युनिट लिहिलेले असतात, ते वाचावेत. दिवसाला दोन तास चालवायचे असेल, तर पाच ताऱ्यांची जादा किंमत वसूल व्हायला फार वर्षे लागतात.

आमच्या आराखड्यात पश्चिमेची खिडकी लहान झाली, स्लॅबवर पांढऱ्या रंगाचा थर आला आणि बाहेरचे यंत्र उत्तरेच्या भिंतीवर, शेजाऱ्यांच्या खिडकीपासून दूर गेले. एका झोपायच्या खोलीला एक टन पुरेसा ठरला. ओसरीला कूलर आहे, आणि पाण्याची टाकी अर्धी असेल त्या दिवशी तो बंद असतो.